घटस्फोटाचा खर्च कोणी सोसायचा?

वाचकांचे प्रश्न, कायद्याची उत्तरे

लग्नाचा खर्च कोणी किती करायचा, यासाठी दोन्हीकडची वडीलधारी मंडळी चार-चार बैठका घालतात. लग्न मोडायचा खर्च कोणी करायचा, हे मात्र वकिलाची पहिली पावती हातात पडेपर्यंत कुणाच्या डोक्यात येत नाही. यावेळच्या सगळ्या पत्रांचा रोख तिकडेच आहे. ओळख पटेल असे तपशील पत्रांतून काढून टाकले आहेत.

प्रश्न (डिचोली): नवऱ्याने घटस्फोटाचा दावा लावला आहे, समन्स हातात आले आहे. मी घरीच असते, माझ्या नावावर काही पैसा नाही. कोल्हापूरचे मामा म्हणतात, ‘कलम २४ चा अर्ज टाक, तुझ्या वकिलाची फी नवऱ्याला भरावी लागेल.’ इथले वकील म्हणतात, ते कलम गोव्यात चालत नाही. मग माझा खर्च कोण देणार?

उत्तर: ताई, मामांचे चुकले नाही, त्यांचे कलम फक्त पत्रादेवीच्या नाक्यापलीकडचे, म्हणजे गोव्याच्या हद्दीबाहेरचे आहे. ते हिंदू विवाह कायदा, १९५५ मधले, आणि तो कायदा गोव्याला लागू केलेला नाही. गोमंतकीयांचे घटस्फोट ३ नोव्हेंबर १९१० च्या पोर्तुगीज घटस्फोट कायद्याखाली, दिवाणी न्यायाधीश (वरिष्ठ स्तर) यांच्यापुढे चालतात. कलम २४ लिहून अर्ज दिला, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला त्यावर बोट ठेवील आणि दोन-तीन तारखा तेवढ्यावरच वाया जातील.

पैशाचे तीन मार्ग तुम्हाला मोकळे आहेत आणि तिन्ही एकाच वेळी धरता येतात. सगळ्यात आधी मोफत वकील मागा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत विधी सहाय्य मिळते आणि तिच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नवरा बोटीवर नोकरीला असो, माहेर सधन असो, तुम्ही स्वतः पगारदार असा, हक्क तोच. ‘ते गरिबांसाठी असते’ या समजुतीने कितीतरी बायका मंगळसूत्र गहाण ठेवून वकील करतात. तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यायचा. सोबत समन्स, दाव्याची प्रत, लग्नाचा दाखला आणि आधार कार्ड. कुठे जायचे ते कळत नसेल तर १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, अर्ज-कैफियतीचा मसुदा, वकिलाची फी, प्रमाणित प्रती हे सगळे त्यात येते. नेमून दिलेल्या वकिलाने वर पैसे मागणे नियमात बसत नाही. मागितले तर ज्या प्राधिकरणाने तो नेमला तिथेच लेखी तक्रार करा, वकील बदलून मिळतो.

घोटाळा होतो तो उशिराने. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचे उत्तर, द्यायची असते. योग्य कारण दाखवले तर न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवते. ‘बघू, चवथ होऊन जाऊ दे’ म्हणत महिना निघून जातो आणि मग वकील नेमला तरी त्याचे पहिले काम मुदतवाढ मागणे हेच होऊन बसते. म्हणून हे पत्र छापून येण्याची वाट न पाहता तुम्ही अर्ज दिला असेल, असे धरून चालतो.

दुसरा मार्ग त्याच दाव्यातला. इथल्या घटस्फोट कायद्यात गरजवंत जोडीदाराला दुसऱ्याकडून पोटगी मागता येते. ती नवऱ्यालाही मागता येते, हे जाता जाता सांगून ठेवतो. दावा चालू असेपर्यंतच्या पोटगीच्या अर्जात दाव्याच्या खर्चाची मागणी वेगळा परिच्छेद आणि वेगळी विनंती म्हणून घाला. दरमहाच्या रकमेत ती मिसळली की हरवते. मोघम लिहिणे ही दुसरी चूक. ‘खर्चापोटी एक लाख रुपये द्यावेत’ असे एका ओळीत लिहिले की न्यायाधीश अंदाजाने कापतात. त्याऐवजी फोड द्या: वकिलाच्या लेटरहेडवरचे फीचे पत्र, त्यात कैफियतीचे किती, उलटतपासणीचे किती, युक्तिवादाचे किती, टायपिंग व झेरॉक्स, प्रमाणित प्रती, साक्षीदाराचा भत्ता, तारखेला येण्या-जाण्याचा खर्च. मूल लहान असेल तर त्या दिवशी त्याला कुठे ठेवता आणि त्याचे काय द्यावे लागते, तेही लिहा. मोफत वकील मिळाला असेल तर त्याची फी मागू नका. बाकीच्या बाबी मात्र मागता येतात.

या अर्जासोबत दोघांनीही मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात (४ नोव्हेंबर २०२०) ते देशभर सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असेही ठरवून दिले. नवऱ्याने ‘पगार सोडून काही नाही’ असे लिहिले, तर त्याचे आयकर विवरणपत्र मागा. समाईक मालमत्तेच्या पद्धतीत (जिथे मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी धरतात) असलेल्या गोमंतकीय जोडप्यांच्या विवरणपत्रात शेड्यूल ५अ असते. भाडे, व्याज, धंद्याचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटून त्यात दाखवावे लागते. म्हणजे त्याच्या उत्पन्नाचा अर्धा आकडा तुमच्या पॅनवर आधीच चढलेला असू शकतो. स्वतःचे लॉगिन उघडून बघा. बायकोचे विवरणपत्र नवराच परस्पर भरतो, हे आपल्याकडे घरोघरी चालते.

तिसरा मार्ग फौजदारी न्यायालयाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५, धर्म-प्रांत न पाहता सगळ्यांना लागू आहे. न्यायदंडाधिकारी अंतरिम पोटगी आणि ‘या कार्यवाहीचा खर्च’ देऊ शकतात. असा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढायचा असतो. मात्र इथे मिळणारा खर्च हा पोटगीच्या अर्जाचा आहे, घटस्फोटाच्या दाव्याचा नव्हे. घटस्फोटाच्या वकिलाची पावती या अर्जाला जोडली तर ती बाजूला ठेवली जाईल. रक्कम थकली तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज द्या; नंतर ती या मार्गाने वसूल होत नाही.

प्रश्न (म्हापसा): आम्ही दोघेही राजी आहोत. भांडण नाही, पण पत्नी म्हणते, ‘घटस्फोट तुम्हाला हवा आहे, खर्च तुम्हीच करा.’ कायद्याप्रमाणे अर्धा-अर्धा नको का? एकच वकील केला तर चालेल का?

उत्तर: परस्पर संमतीत खर्च कोणी करायचा याबद्दल कायदा गप्प आहे. तुम्ही जे लिहाल तेच खरे आणि काहीच लिहिले नाही, तर ज्याने दिले त्याचे गेले. त्यामुळे भांडण नाही तोवरच लिहून घ्या.

आधी वेळापत्रक समजून घ्या, कारण खर्च त्यालाच बांधलेला आहे. संमतीने घटस्फोट मागायला लग्नाला दोन वर्षे झालेली हवीत आणि दोघांचीही वयाची २५ वर्षे पुरी हवीत. अर्जासोबत लग्नाचा दाखला, मालमत्तेची तपशीलवार यादी, अल्पवयीन मुलांच्या ताब्याबद्दलचा करार आणि लग्नापूर्वी मालमत्तेचा करार केला असेल तर त्याची प्रत लागते. न्यायाधीश दोघांना समोर बसवून समेटाचा प्रयत्न करतात. तो फसला की एक वर्षाचा तात्पुरता घटस्फोट मंजूर होतो आणि वर्ष सरल्यावर अंतिम हुकूम घ्यायचा असतो. थोडक्यात, वकिलाचे काम दोन टप्प्यांत आणि मध्ये अख्खे वर्ष.

रखडते ते या वर्षातच. फी पहिल्या टप्प्यापुरती दिलेली असते. दुसऱ्या वेळी वकील नव्याने पैसे मागतो, तोवर एक जण लंडनला किंवा आखातात गेलेला असतो आणि ‘माझी घाई नाही, तुला हवे तर तू भर’ इथपर्यंत गोष्ट येते. म्हणून वकिलाकडून सुरुवातीलाच दोन्ही टप्पे धरून एक आकडा लेखी घ्या आणि तुमच्या करारात साधारण असे कलम घाला:

‘या अर्जाची अंतिम हुकमापर्यंतची वकिलाची फी रु. ______ असून त्यापैकी पती रु. ______ व पत्नी रु. ______ देईल. पहिला हप्ता अर्ज दाखल करताना व दुसरा हप्ता अंतिम हुकमाच्या अर्जाच्या वेळी द्यायचा आहे. प्रमाणित प्रती व विवाह नोंदवहीतील शेरा यांचा खर्च निम्मा-निम्मा. मालमत्तेच्या वाटणीचे मुद्रांक शुल्क व नोंदणी फी ज्याच्या वाट्याला ती मालमत्ता येईल त्याने भरावी. एका पक्षाने अर्जातून माघार घेतल्यास तोवर दुसऱ्याने भरलेली रक्कम तो पक्ष ३० दिवसांत परत करील.’

शेवटचे वाक्य गाळू नका. मुद्रांक शुल्काचेही विसरू नका. वकिलाच्या फीवरून हुज्जत घालणारी जोडपी फ्लॅटच्या कागदाचा खर्च गृहीत धरतात आणि तिथेच ती रक्कम फीच्या वर जाते. ज्या स्थावराबद्दल दावाच नव्हता ते समझोत्याच्या हुकुमाने एकाकडून दुसऱ्याकडे जात असेल, तर तो हुकूम नोंदवावा लागतो.

वाटा किती असावा, यावर आमचे मत असे: निम्मा-निम्मा हा दिसायला न्याय आहे, पण एकाचा पगार ९०,००० आणि दुसऱ्याचा ३०,००० असेल तर उत्पन्नाच्या प्रमाणात, म्हणजे ३:१ असा धरणे अधिक टिकते. घटस्फोट ‘कुणाला हवा होता’ यावर खर्च टाकू नका. त्या वादाला शेवट नसतो, आणि अर्जात तर दोघांनाही हवा आहे असेच लिहावे लागते.

एक वकील चालतो. पण तो वकील मसुदा करताना कुणाचा, हा प्रश्न उरतोच, आणि फी जो देतो त्याच्याकडे तो झुकला असे दुसऱ्याला वाटत राहते. सोपा उपाय असा, की दुसऱ्याने वेगळ्या वकिलाकडून सही करण्यापूर्वी मसुदा एकदा वाचून घ्यावा. एका बैठकीची फी पडते.

प्रश्न (मडगाव): आमचे लग्न नेहमीसारखे, आधी कोणताही करार न करता झाले. पत्नीने जॉइंट खात्यातून १,८०,००० रुपये काढून स्वतःच्या वकिलाला दिले. मी मात्र माझ्या पगारातून ६०,००० भरले. तिने उचललेले १,८०,००० परत मिळतील का?

उत्तर: सगळे नाहीत. आणि तुमच्या हिशेबात एक चूक आहे: पगारही ‘माझा’ नाही.

गोव्यात लग्नापूर्वी करार केलेला नसेल तर पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे समाईक मालमत्तेची पद्धत आपोआप लागू होते. लग्नाआधीचे, लग्नानंतर कमावलेले, वारशाने आलेले भाट-कुळागरसुद्धा, थोडे अपवाद वगळता दोघांचे निम्मे-निम्मे. लग्न चालू असताना मिळालेला पगार त्याच पेटीत पडतो. आयकरात पगार ज्याचा त्याच्याच नावे धरला जातो, त्यामुळे अनेकांची अशी समजूत होते. पण ती सोय करापुरती आहे, मालकी त्यावरून ठरत नाही.

आता मांडा. समाईक पेटीतून वकिलांकडे गेले २,४०,०००. प्रत्येकाच्या वाट्याचे १,२०,०००. पत्नीने ६०,००० जास्त वापरले, तुम्ही तेवढेच कमी. म्हणजे तुमचा दावा जास्तीत जास्त ६०,००० चा. तोही आज वेगळा दावा लावून नव्हे; घटस्फोटानंतर वाटणीसाठी इन्व्हेंटरी होते तिथे मांडायचा. २०१२ चा गोवा वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा २०१६ च्या डिसेंबरपासून अमलात आहे, ही कार्यवाही त्याखाली चालते. मालमत्ता आणि देणी यांची यादी दाखल होते, तीवर हरकती घेता येतात, मग मूल्यांकन आणि गरज पडल्यास दोघांत बोली. यादीवर हरकत घेताना ‘पत्नीने अमुक तारखेस समाईक खात्यातून उचललेले रु. १,८०,०००’ आणि आपले ६०,००० दोन्ही दाखवा. फक्त तिचे दाखवले तर समोरचा वकील तुमचे काढणारच, आणि मग तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. बँकेचे स्टेटमेंट आताच काढून ठेवा. खाते बंद झाल्यावर जुने मिळवणे कटकटीचे असते.

दोन पुस्त्या जोडतो. न्यायालयाने तुम्हाला पत्नीच्या दाव्याचा खर्च द्यायला सांगितला, तर तेवढी रक्कम तिच्या उचलीत धरता येणार नाही. आणि वकिलासाठी कुणी कर्ज काढले असेल, तर दुसऱ्याची संमती नसलेले आणि संसाराच्या उपयोगी न आलेले कर्ज काढणाऱ्याच्याच अर्ध्या वाट्यावर बसते.

खाते रिकामे होण्याची धास्ती असेल तर आपणही जाऊन उरलेले काढून घेणे हा मार्ग नव्हे. एका खातेदाराने वादाचे लेखी पत्र दिले की बँक दोघांच्या सह्यांशिवाय पैसे सोडत नाही. पत्राची पोच घ्या. घरखर्च आणि मुलांच्या फीपुरती रक्कम महिन्याला काढता यावी, असे त्याच पत्रात दोघांच्या सहीने लिहिता आले तर फारच उत्तम.

प्रश्न (काणकोण): पत्नी घर सोडून गेली म्हणून मी दावा लावला आणि जिंकलो. निकालात ‘खर्चासह’ असा शब्द आहे. म्हणजे माझ्या वकिलाची सगळी फी तिला द्यावी लागेल ना?

उत्तर: नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३५ म्हणते की खर्च सहसा हरणाऱ्यावर. तसे करायचे नसेल तर न्यायाधीशांनी कारण लिहायचे. पण हा ‘खर्च’ म्हणजे हुकूमनाम्याखाली जोडलेल्या तक्त्यातला: कोर्ट फी, बजावणी फी, साक्षीदार भत्ता आणि नियमांप्रमाणे ठरणारी वकील फी. तुम्ही वकिलाला प्रत्यक्ष दिलेल्या रकमेच्या मानाने तो आकडा फार लहान असतो. वैवाहिक दाव्यांत बहुतेक वेळा ‘ज्याचा खर्च त्याने सोसावा’ असाच हुकूम होतो, त्या मानाने तुमचा निकाल बराच म्हणायचा. तक्ता तपासा, बेरीज चुकली असेल तर दुरुस्तीचा अर्ज द्या. एवढ्या रकमेसाठी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज, लावायची का, हे मात्र दरखास्तीच्या वकिलाची फी विचारून ठरवा.

उपयोगाचे कलम खरे तर ३५ब आहे, आणि ते दावा चालू असतानाच वापरायचे. समोरचा पक्ष साक्षीदार न आणता, कागद न देता तहकुबी मागत असेल, तर दर वेळी त्या दिवसाचा खर्च मागा आणि रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत) नोंद करून घ्या. तो खर्च पुढच्या तारखेला भरला नाही, तर त्याला दावा किंवा बचाव पुढे चालवता येत नाही. निकालाच्या शेवटी मागितलेल्या मोठ्या रकमेपेक्षा तहकुबीगणिक भरावे लागणारे पाचशे-हजार समोरच्याला जास्त बोचतात. खोटा, त्रास देण्यापुरता दावा असेल तर कलम ३५अ आहे, पण त्याची कमाल मर्यादा ३,००० रुपये. त्यावर शक्ती घालवू नका.

प्रश्न (फोंडा): वकील बदलायचा आहे. जुने वकील म्हणतात, उरलेली फी दिल्याशिवाय फाईल देणार नाही. शिवाय पोटगीची एकरकमी रक्कम मिळाली की तिचे १० टक्के आणि बिलावर १८ टक्के जीएसटी.

उत्तर: तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. फीसाठी पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना खटल्यात स्पष्ट सांगितले. फी थकली असेल तर त्यांनी ती कायद्याने वसूल करावी. निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेवर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत मनाई आहे. आणि व्यक्तीला स्वतःच्या खासगी दाव्यासाठी वकिलाने दिलेली सेवा जीएसटीतून मुक्त आहे.

पत्र नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा: फाईल आणि नवीन वकीलपत्रासाठी नाहरकत सात दिवसांत द्यावी, आजवर दिलेली रक्कम अमुक, पावत्या द्याव्यात. उत्तर आले नाही तर हेच पत्र जोडून न्यायालयाची परवानगी मागता येते. तोवर दाव्याच्या प्रमाणित प्रती स्वतः अर्ज करून काढा, म्हणजे नव्या वकिलाचे काम अडणार नाही. जी फी खरोखर झालेल्या कामाची आहे ती मात्र देऊन टाका. रोखीत दिलेल्या पैशांची पावती नसणे ही यातली खरी दुखरी जागा. इथून पुढे यूपीआय किंवा चेक.

प्रश्न (वास्को): आम्ही मूळचे सावंतवाडीचे, लग्न तिथेच झाले, नोकरीसाठी सात वर्षे वेर्ण्यात. वर म्हटलेले सगळे आम्हालाही लागू का?

उत्तर: नोकरीपुरते राहिल्याने कायदा बदलत नाही. तुमचे कायमचे घर सिंधुदुर्गात असेल, तर गोव्यात राहत असतानाही हिंदू विवाह कायदाच तुम्हाला लागतो, आणि लग्न जिथे लागले तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. मग डिचोलीच्या ताईंच्या मामांचे कलम २४ तुमच्या कामाचे: ज्याच्याकडे पुरेसे स्वतंत्र उत्पन्न नाही त्या नवऱ्याला किंवा बायकोला दाव्याचा खर्च आणि दरमहा रक्कम मागता येते, आणि तो अर्जही नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकालात काढायचा असतो. समाईक मालमत्तेचा निम्मा-निम्मा हिशेब मात्र तुम्हाला लागू नाही. वेर्ण्याला घेतलेला फ्लॅट कागदावर ज्याच्या नावे, त्याचा. हप्ते दोघांनी भरले असतील तर त्याचा पुरावा आताच गोळा करा.